कणा कोणाकडे आहे

मी परगावच्या नोकरीवर वेळेत हजर झालो आणि तिथे माझं बरं चाललं आहे. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरून जा. तसं काही घडलेलं नाही. मी अजून आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या भिंतीला लागून असलेल्या माझ्या पलंगावर ताठ बसलेलो आहे, असं समजून पुढे वाचा. इमारतीतले सगळे तसंच समजतात, आणि मोठ्यांच्या समजुतीला धक्का लावायचा नाही हे आमच्या घरचं वळण आहे.

तर, इंटरनेट.

आमच्या इमारतीत प्रत्येकाचं इंटरनेट वेगळं होतं आणि प्रत्येकाचं वेगळ्या वेळी बंद पडायचं. प्रत्येक घराची एक काळी वायर गच्चीवरून खाली लोंबायची. वारा सुटला की त्या एकमेकींत गुंतायच्या, आणि लांबून पाहिलं तर इमारत नुकती न्हाऊन केस मोकळे सोडून उभी आहे असं वाटायचं. कोणती वायर कोणाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एकदा जुनी झालेली आपली वायर समजून एक वायर कापली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मालिका ऐन खुनाच्या जागी थांबली. खून कोणी केला हे काकूंना बरेच दिवस कळलं नाही. त्यांचा डॉक्टरांवर संशय होता.

शेवटी अध्यक्षांनी सभा बोलावली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते कोणाशीही बोलताना समोरचा माणूस उशिरा आला आहे असं धरून बोलतात. सभेला इंटरनेट कंपनीचा इंजिनिअर आला होता. बारीक, पांढरट, आणि बोलताना डोळ्यांची उघडझाप न करणारा. मी मुद्दाम बघत राहिलो, पण आधी माझेच डोळे चुरचुरले.

त्याच्या कंपनीने सगळा कारभार मराठीतूनच करायचा असं ठरवलं होतं. त्यामुळे राउटरला तो 'वाटाड्या' म्हणत होता आणि सर्व्हरला 'सेवक'. हेडमास्तर खूश झाले.

"सेवक कुठे राहणार?" त्यांनी विचारलं.

"लांब. एका थंड खोलीत. अंधारात."

"एकटाच?"

"तिथे बरेच आहेत," इंजिनिअर म्हणाला.

मग त्याने कणा समजावून सांगितला. प्रत्येक घराची एक बारीक वायर. मजल्यावरच्या सगळ्या बारीक वायरी एका पेटीत येतात. आणि सगळ्या मजल्यांच्या पेट्या एका जाड वायरीला जोडलेल्या असतात. ही जाड वायर म्हणजे कणा. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर काही जायचं असो की इमारतीतून बाहेरच्या जगात, सगळं त्या कण्यातूनच जाणार. एका घराची वायर तुटली तर एक घर बंद पडतं. कणा गेला तर सगळेच जातात.

"म्हणून कणा जागेवर लागतो," तो म्हणाला. "तो हलत नाही, आजारी पडत नाही, कुठे जात नाही."

"आमच्या शाळेत एक शिपाई होता तसा," हेडमास्तर म्हणाले.

"मग, कणा कोणाकडे आहे?" इंजिनिअरने विचारलं.

त्याला विचारायचं होतं की ही जाड वायर कोणाच्या भिंतीतून न्यायची. हे सगळ्यांना कळलं होतं, म्हणून सगळे गप्प होते. ज्याच्या घरातून ती जाणार त्याच्या भिंतीला भोकं पडणार. काकूंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. डॉक्टर छताकडे असं बघायला लागले, जणू छताने आ केला आहे.

तेवढ्यात माझे बाबा म्हणाले, "आमच्याकडे नाही बुवा. असता तर आमचे चिरंजीव एव्हाना कुठेतरी नोकरीला लागले असते."

सभा हसली. इंजिनिअर हसला नाही. बाबा हे वाक्य वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळ्या चालीत म्हणतात. मी चहात साखर जास्त घातली तरी त्याचं कारण माझ्या कण्यात निघतं. घरात मी ते ऐकून घेतो, पण अख्ख्या इमारतीसमोर, दातांच्या डॉक्टरांसमोर म्हणजे अतिच झालं. मी उभा राहिलो. शक्य तितका ताठ.

"कणा माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

इंजिनिअरने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. तो खुर्च्यांमधून वाट काढत आला, माझ्या मागे उभा राहिला आणि मानेपासून खाली एकेका मणक्यावर बोट ठेवत गेला. बोट गार होतं.

"पुरेल," तो म्हणाला.

ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं आली. प्रत्येक घरातून बारीक पांढरी वायर काढून त्यांनी सगळ्या आमच्या पॅसेजमध्ये आणल्या आणि माझ्या पलंगामागच्या भिंतीत आत घातल्या. वर एक छोटी पेटी बसवली, तिला एक हिरवा दिवा. आई प्रत्येक भोकाखाली वर्तमानपत्र धरून उभी होती. काम संपलं तरी जाड वायर कुठे दिसेना.

"आणि कणा?" मी विचारलं.

"बसवला की," इंजिनिअर म्हणाला आणि हत्यारं आवरायला लागला.

मी पलंगावर बसलो. पाठीतून एक बारीकशी कळ गेली आणि मी आपोआप ताठ झालो. वरून काकूंचा आवाज आला, "आलं, आलं." खालून डॉक्टरांचा आला, "आलं." मग एकेका मजल्यावरून, एकेका दारातून सगळे शांतपणे म्हणत गेले, आलं, आलं. पेटीवरचा दिवा मी श्वास घेतला की लागत होता, सोडला की विझत होता. मी श्वास रोखून पाहिला.

"गेलं की रे," काकू वरून म्हणाल्या. मी घाईघाईने श्वास घेतला.

इंटरनेट मात्र असं चाललं की बोलायची सोय नाही. काकूंना तो खून सापडला. खुनी दातांचाच डॉक्टर निघाला, त्यामुळे त्यांचं समाधान झालं. हेडमास्तर रोज सकाळी दूरदूरच्या जुन्या विद्यार्थ्यांना व्हिडिओवर गाठून त्यांचे उच्चार सुधारू लागले. आणि मी बुटाची नाडी बांधायला वाकलो की सगळ्यांचं एकदम तुटायचं.

लोक चांगले होते, कोणी चिडलं नाही. फक्त सल्ले यायला लागले. हेडमास्तर म्हणाले गादी काढून टाक, फळीवर झोप. डॉक्टरांनी दूध वाढवायला सांगितलं. काकू पाठीला चोळायचं तेल घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "बाळा, तू उजव्या कुशीवर झोपत जा ना. डाव्या कुशीवर झोपलास की माझ्या बहिणीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो."

"बरं काकू."

"आणि जांभई देऊ नकोस फार. मग आम्हालाही येते."

हे मला खरं वाटलं नाही. पण दुपारी मी दार उघडं ठेवून एक जांभई दिली आणि कान देऊन ऐकत राहिलो. आधी शेजारच्या घरातून जांभई आली, मग वरच्या मजल्यावरून, मग त्याच्याही वरून. जिना चढत चढत ती गच्चीपर्यंत गेली. गच्चीवर कोणी नव्हतं. तिथूनही आली.

मग बोलणं सुरू झालं. इमारतीतलं सगळं माझ्या पाठीतून जात होतं, मुंग्यांची रांग जावी तसं, आणि मधेच त्यातलं काहीतरी चुकून तोंडातून बाहेर पडायचं. एकदा जेवताना मी आईकडे बघून म्हणालो, "ती काढावीच लागेल. फार आत किडली आहे." आईचा घास हातात राहिला. डॉक्टरांनी कोणाला तरी पाठवलेला निरोप होता तो.

अशातच माझी परगावच्या एका कंपनीची मुलाखत झाली, अर्थात व्हिडिओवर. मी पलंगावर ताठ बसलो होतो, त्यामुळे छाप बरी पडली असावी. त्यांनी विचारलं, तुमची जमेची बाजू कोणती? मी म्हणालो, "तिखट बेताचं घाल, ह्यांना सोसत नाही." पलीकडे कोणीतरी काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? माझ्या तोंडून हेडमास्तर म्हणाले, "आधी 'ळ' नीट म्हण." माझी निवड झाली. माझा सडेतोडपणा त्यांना आवडला, असं त्यांनी कळवलं.

बाबांनी ते कळवणं चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"सोमवारी हजर व्हायचंय," मी म्हणालो.

"जाणार नाहीस तू."

"का?"

"नोकरीला कणा लागतो," असं म्हणून ते थांबले आणि आत निघून गेले. जे लागतं ते माझ्याकडे आहे, आणि तेच सोडून मला जायचं आहे, हा घोळ त्यांच्या लक्षात आला असावा. मला तर सभेपासूनच पाठीत काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. ही नोकरी हातची गेली असती तर दुसरी येईपर्यंत मी त्या भिंतीचाच भाग झालो असतो. ही उपमा नाही. पाठीमागच्या भिंतीवर माझ्या पाठीच्या आकाराचा खळगा पडायला लागला होता, आणि तो रोज मला थोडा अधिक नीट बसत होता.

रविवारी सकाळी मी बॅग घेऊन निघालो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरचा मजला बंद पडला. पुढच्या वळणावर आमचा. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त दारं उघडत गेली आणि लोक बाहेर येऊन उभे राहिले. सगळे कमरेतून वाकलेले होते. हात पुढे लोंबत होते. हेडमास्तर खालच्या दारात वाकून उभे होते आणि माझ्या बुटांशी बोलत होते.

"निघालास?"

"हो सर."

"उशीर नको करूस. आमची काळजी करू नकोस. आम्ही असेच आहोत."

वरून काकू म्हणाल्या, "सावकाश जा, बाळा." त्या कुठे बघत होत्या कळलं नाही. केस पुढे आले होते.

बस स्टॉपवर पोचलो तर आईचा फोन. आमच्या इमारतीत आता एक तिचाच जुना फोन चालत होता. आवाज जमिनीजवळून आल्यासारखा येत होता.

"पोचलास का स्टॉपवर? मी बरी आहे. इथे फरशी बरीच पुसायची राहिली आहे, हे मला आजच दिसलं," ती म्हणाली. "फक्त ह्यांचं बघ. जेवायला म्हणून बसले, ते पुढे वाकलेत ते वाकलेतच. कपाळ ताटात आहे. मी ताट काढून घेऊ का रे?"

मी परत आलो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि इमारतभर कटकट कटकट आवाज होत गेला, बोटं मोडावीत तसा, खालपासून वरपर्यंत. सगळे सरळ झाले. सगळे एकदम म्हणाले, "आलं."

बाबा ताठ बसले होते. कपाळाला भात होता.

"का आलास?" त्यांनी विचारलं.

"सहज."

सोमवार पुढे ढकलून मिळाला, एकदाच, आणि पुन्हा मिळणार नाही हे नोकरी देणाऱ्यांनी बजावून सांगितलं. मी इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला. एक बाई फार गोड बोलत होत्या.

"आपली तक्रार आपल्या कण्याबद्दल आहे का?"

"हो. कणा काढून घ्या आणि त्या जागी जाड वायर बसवा."

"आपण ग्राहक बोलताय का?"

"मी कणा बोलतोय."

जरा वेळ काहीतरी खडखडलं. "माफ करा सर, आमच्याकडे आपली नोंद उपकरण म्हणून आहे. उपकरणाला तक्रार करता येत नाही. उपकरणाबद्दल ग्राहकाने तक्रार करावी लागते."

"पण उपकरण बोलतंय ना तुमच्याशी."

"त्याबद्दल ग्राहकाची तक्रार असेल तर अवश्य कळवायला सांगा, सर. आम्ही आवाज बंद करून देतो."

ग्राहक म्हणजे इमारत, आणि इमारत म्हणजे हेडमास्तर. त्यांनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि ममतेने म्हणाले, "पण आमची काहीच तक्रार नाही रे. इतकी चांगली सेवा आम्हाला कधीच मिळाली नव्हती." मात्र दुसरा कणा मिळाला तर आपण आड येणार नाही, असंही ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा सभा घेतली.

इंजिनिअर आला. तोच प्रश्न, त्याच स्वरात. "कणा कोणाकडे आहे?"

काकूंनी पर्स उघडली. डॉक्टर छताकडे बघायला लागले. माझ्या पाठीतून तेव्हा काहीच जात नव्हतं. प्रत्येकाने आपापला आवाज आत ओढून घेतला होता. मग पलीकडे खुर्ची सरकली आणि बाबा उभे राहिले.

"माझ्याकडे आहे," ते म्हणाले. कोणाकडेही न बघता, गॅसचं बटण बंद केलं का हे सांगावं तसं.

इंजिनिअर त्यांच्या मागे गेला. त्याने बोटाने एकेक मणका तपासला, मग कान टेकवला आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"हा जोडलेला आहे," तो म्हणाला.

"कशाला?" हेडमास्तरांनी विचारलं.

"घराला. जोडणी जुनी आहे." त्याने आईकडे आणि माझ्याकडे पाहिलं, वायरींकडे बघावं तसं. "एका कण्यावर दोन जोडण्या नियमात बसत नाहीत."

"दिल्या तर काय होईल?" बाबांनी विचारलं.

"चालेल. वाकेल. आणि कोणतं कोणाचं ते कळेनासं होईल."

नियमात बसत नाही म्हटल्यावर सभा सुटकेचा निःश्वास टाकून संपली. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, हलक्या हाताने.

मला मिळालेल्या शेवटच्या सकाळी मी उठून दात घासायला गेलो आणि परत आलो तर बाबा माझ्या पलंगावर बसले होते. भिंतीच्या खळग्यात पाठ टेकून, पाय लांब करून, मांडीवर वर्तमानपत्र.

"जा," ते म्हणाले. "बॅग दारात आहे."

"बाबा, नियमात बसत नाही हे."

"मी कुठे नियमात बसतोय? पलंगावर बसतोय. जा, बस चुकेल."

"तुम्हाला झेपणार नाही."

"झेपत नव्हतं तेव्हा कोणी विचारलं नाही, आता काय विचारतोस," ते म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. "आणि नाडी बांध नीट. इतके दिवस बांधली नाहीस."

मी वाकलो आणि नाडी बांधली. कोणाचंच काही तुटलं नाही.

जिना उतरताना दारं उघडली नाहीत. घराघरांतून नेहमीचे आवाज येत होते, 'ळ' म्हणायला शिकवणारे हेडमास्तर, काकूंची बहीण. इमारतभर कटकट झाली नाही. एकच आवाज आला, कट्, आमच्या पॅसेजमधून. मी थांबलो नाही.

इथे माझं बरं चाललं आहे. पाठीतून काही जात नाही. मी जांभई देतो आणि ती माझ्यापाशीच संपते. ताठ बसायची सवय मात्र राहिली आहे, म्हणून ऑफिसात लोक मला जरा वचकून असतात. काकूंचा परवा फोन आला होता, चुकून लागला म्हणाल्या, आणि मी बोललो तर त्या हसल्या. "कमाल आहे. आत्ता तर तुला पलंगावर दूध देऊन आले. वर पोचेपर्यंत फोन?"

मी आईला विचारलं. ती म्हणाली, काकूंचं काही चुकलं नाही. काकूंनी दारातून हाक मारली की पलंगावरून 'आहे काकू' असंच उत्तर येतं, आणि तो आवाज माझा असतो. पलंगावरचा मी आता उजव्या कुशीवरच झोपतो, दूध पितो, हेडमास्तरांचं ऐकतो. चहात साखर जास्त घालतो.

"पण आई, तिथे बाबा बसलेत."

"हो रे, तेच म्हणाले होते ना," ती म्हणाली. मग फोन तसाच ठेवून ती पॅसेजमध्ये जाऊन आली. "तू आहेस ना तिथे आत. मी बघितलं आत्ता. मग हे कुठे गेले? तुला काही बोलले का जाताना?"

मी इंटरनेट कंपनीला पुन्हा फोन लावला. त्या बाईंनी सांगितलं की नोंदीप्रमाणे कणा जागेवर आहे, चालू आहे, आणि त्याच्याविषयी ग्राहकाची तक्रार नाही. मी कोण बोलतोय, असंही त्यांनी विचारलं. याचं मला नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हा लेखी देतो आहे.

तरी वरील इमारतीत कणा म्हणून एक साधी जाड वायर बसवण्यात यावी, आणि सध्या त्या जागी वापरात असलेले माझे वडील, शक्य तितक्या सरळ अवस्थेत आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजासह, माझ्या आईला परत करण्यात यावेत, ही नम्र विनंती.